सहा हेक्टर आणि चार कपाटं

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या वाचनालयातलं टेबल सागवानाचंच असणार, वेगळं सांगायला नको. त्याच्या कडा कोपरांनी गुळगुळीत झाल्यात आणि एका कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेनने 1600 मीटरची आपली वेळ लिहून ठेवलीय. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. इथं येणारी पोरं कपाटाकडे सहसा बघत नाहीत. सराव प्रश्नसंच घरूनच आणतात. गणित अडलं की शेजारचा माडियात समजावतो, मग दोघं मराठीत उत्तर लिहितात. बाहेरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जातात आणि खिडकीच्या चौकटीवर धूळ बसत राहते.

मोठ्या विद्यापीठांतून सध्या ग्रंथालयांच्या वर्गखोल्या होताहेत. कपाटं हलवायची, चाकांची टेबलं आणायची, भिंतीवर डिजिटल पॅनेल लावायचं. पुण्यात जयकर ग्रंथालयाच्या नावात ‘ज्ञानस्रोत केंद्र’ आलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने 2013 मध्ये उघडलेल्या हंट ग्रंथालयात बहुतेक पुस्तकं पेट्यांत रचली. मागेल ते यंत्र काढून देतं आणि वाचलेली जागा विद्यार्थ्यांची. या बदलाला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. इथलं गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये निघालं. त्याआधी इथल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ थेट नागपूरला. ज्यांना ग्रंथालयच उशिरा मिळालं, त्यांना त्याच्या शांततेचं कौतुक कशाला सांगायचं? गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ सुरू केलं, तिथेही पोरांना आधी बसायला जागा, उजेड आणि पंखा हवा असतो.

माझी तक्रार आहे ती निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या यादीबद्दल. हॉल रिकामा करायचा म्हटलं की ही यादी निघते: फाटलेली, जुनी, कित्येक वर्षांत कुणी न नेलेली. या निकषावर 1909 चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर पहिल्या फटक्यात रद्दीत जाईल. जुनी गोंडी व्याकरणं, वनखात्याच्या कार्य आयोजना, सगळंच. नेटवर मिळतं की, असं म्हणतात. मिळतंही. पण अहेरी जमीनदारीबद्दल कुणी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय? शेजारचं पुस्तक काढताना हे हाताला लागतं. शिवाय पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटतं, तेव्हा नेटवर्कचाही भरवसा नसतो.

सगळं कामाला लावलं तरी थोडं न वापरता राखून ठेवायचं, हा हिशेब वनखात्याला कळला होता. आलापल्लीभोवतीचं जंगल कामाचं आहे. कूप पडतात, हॅमरचा ठसा बसतो, लठ्ठे डेपोत जातात. त्याच खात्याने भामरागड रस्त्यावरचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा 1953 मध्ये बाजूला काढला. तिथं तोड नाही. पडलेलं झाडही जागेवर कुजू द्यायचं. 2014 मध्ये ‘आलापल्लीचे वनवैभव’ म्हणून त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. उत्पन्न शून्य, आणि तरी तिथं लिलाव करा असं कुणी म्हणत नाही.

ग्रंथालयात एवढंच करावं. या मुलखाबद्दलची, इथल्या भाषांतली, इथल्या झाडाझुडपांवरची पुस्तकं चार कपाटांत, हॉलमध्येच, कुलूप न लावता. आणि ती निर्लेखनातून वगळल्याचा ठराव ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात. बाकीचा हॉल खुशाल मोकळा करा. पॅनेल लावा, चाकांच्या खुर्च्या आणा. फक्त त्याआधी इन्व्हर्टर बसवा, म्हणजे लाईट गेली की अख्खा वर्ग अंगणात येणार नाही.