शीव कोळीवाड्याला नाट्यगृह नको

शीव कोळीवाड्यात नाट्यगृह हवं, ही माझी जुनी मागणी. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार दारात आला की बाकीचे पाणी, गटार, पार्किंग काढायचे आणि मी नाट्यगृह. एक निवेदन घेऊन सह्यांसाठी इमारतीइमारतीतून फिरलोही. ती मागणी मी आता सोडली आहे. ज्यांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या त्यांना कारण सांगायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

मागणी उगाच नव्हती. आमच्या जवळचं मराठी नाटक तेव्हा दादर-परळात. आमचं गुरु तेग बहादूर नगर स्टेशन हार्बरवर, आणि हार्बरची गाडी दादरला जात नाही. म्हणजे आधी शीव स्टेशन गाठा नाहीतर बसची वाट पाहा. नाटक सुटल्यावर पुन्हा तेच, पण पेंगुळलेल्या पोरांसकट. चालत जाण्याजोगं षण्मुखानंद सभागृह आहे, पण त्यात अडीच हजारांहून अधिक खुर्च्या. तिथं कर्नाटक संगीताची मैफल रंगते. दोन माणसं आणि एक टेबल एवढ्यावर उभं राहणारं नाटक पार हरवून जाईल.

प्रायोगिक नाटकाबद्दल माझं मत तेव्हा फारसं बरं नव्हतं. ज्यांना दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची तारीख मिळत नाही ते ‘प्रयोग’ करतात, असं मी चारचौघांत बोलायचो. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या अरविंद देशपांडे स्मृती नाट्यमहोत्सवाला गेलो तोही भाचीचं काम होतं म्हणून. जागा माहीमची म्युनिसिपल शाळा. नाट्यगृह मिळालं नाही म्हणून बिचारे शाळेत करतात, अशी कीव मनात घेऊनच आत शिरलो.

तीन पात्रं, एक खाट. मध्यंतर नाही, विंग नाही. नटी आमच्या गुडघ्यांना घासून आत आली आणि तिच्या हातातल्या पिशवीतली मेथी दिसली. कागदाची नव्हे, खरी. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला तेव्हा ती बोलता बोलता थांबली, आवाज विरेपर्यंत थांबली, आणि मग पुढचं वाक्य असं म्हणाली की तो हॉर्न लेखकानंच लिहिला असावा. नाटक मला सगळं आवडलं असं नाही; शेवट मुद्दाम दुर्बोध केलेला वाटला. (भाचीला हे अजून सांगितलेलं नाही.) पण बसमध्ये बसल्यावर हिशेब सुरू झाला. हे नाटक मोठ्या नाट्यगृहात लागलं असतं का? भाडं, जाहिरात, दोन ओळखीचे चेहरे, बाल्कनी भरेल असा विनोद, चहा-वड्यासाठी मध्यंतर. एवढं सगळं जमवता जमवता ती खाट आणि ती मेथी कधीच गळून पडली असती. किती खुर्च्या भरायच्या आहेत त्यावर कुठलं नाटक लिहिलं जाणार हे बरंचसं ठरतं. मी मात्र इतकी वर्षं खुर्च्याच मागत होतो.

मग मागचं वाचून काढलं. सुलभा आणि अरविंद देशपांडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ सुरू केली, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. आज छबिलदास म्हटलं की गल्लीतला बटाटावडा आठवणारेच जास्त. त्यांना दोष नाही, वडा चांगला आहे. पण बादल सरकारांचं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी इथंच केलं, प्रेक्षकांच्या मधून नट फिरवत. त्याला रंगमंचाची चौकट असती तर तीच आड आली असती. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ याच्या आधीचं, पण त्यातही मुंबईची हौशी मंडळी खेड्यातल्या एका सभागृहात प्रयोगाला येतात आणि वेळ घालवायला म्हणून खोटा खटला मांडतात. आपल्या एवढ्या मोठ्या नाटकाला लागते ती एक साधी खोली.

एडिंबराची गोष्टही हीच. १९४७मध्ये तिथं बड्या कलावंतांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ करून मोकळ्या झाल्या. जगातला सगळ्यात मोठा ‘फ्रिंज’ महोत्सव त्यातून वाढला. आधी इमारत बांधा, मग येतो, असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं नाही.

माझ्या इमारतीतले एक काका यावर चिडले. ते म्हणाले, ‘‘उसनी जागा ती उसनीच. छबिलदास तरी कुठं राहिलं?’’ बरोबर आहे. पुढं तिथले प्रयोग थांबले आणि प्रायोगिक नाटकाच्या चळवळीला बिऱ्हाड हलवावं लागलं. पण हक्काच्या वास्तूचंही काय झालं ते परळनं पाहिलंय. दामोदर नाट्यगृह १९२२चं, गिरणी कामगारांच्या रंगभूमीचं घरच, आणि २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. शंभर वर्षं उभी असलेली भिंतही मुंबईत कायमची नसते. एक शाळा सुटली तर दुसरी शोधता येते, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. गैरसोयी मात्र खऱ्या आहेत. उकाडा आहे, स्वच्छतागृहांचं न बोललेलं बरं, आणि नटांना मिळणाऱ्या मानधनात त्यांचा टॅक्सीचा खर्चही निघत नाही. हे कुणी चळवळीच्या नावाखाली गोड करून सांगू नये.

अजून एक. आमच्याकडे कोळी आहेत, फाळणीनंतर छावणीत येऊन राहिलेल्या पंजाब्यांची तिसरी पिढी आहे, तमिळ आहेत. मी मागत होतो ते नाट्यगृह मनातल्या मनात मराठीच होतं. पंजाबी शेजाऱ्यानं निव्वळ शेजारधर्म म्हणून सही केली होती. शाळेचं सभागृह एका शनिवारी मराठी, पुढच्या शनिवारी पंजाबी असू शकतं. कोट्यवधींची वास्तू एकदा उभी राहिली की तारखांवरून भांडणंच व्हायची.

म्हणून नवं निवेदन लिहिलं आहे, जुन्यापेक्षा बरंच आखूड. आपल्या वॉर्डातल्या एका महापालिका शाळेचं सभागृह महिन्यातल्या दोन शनिवारी, संध्याकाळी सहा ते दहा, नाटकासाठी नाममात्र भाड्यानं द्यावं. शंभर खुर्च्या, चार दिवे, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह आणि किल्ली सांभाळणाऱ्या शिपायाला जादा वेळेचा भत्ता. बस्स. आधी सही केली असेल त्यांनी पुन्हा करावी, ही विनंती. आणि ज्यांच्या घरात कॉलेजात नाटक करणारं कुणी आहे, त्यांनी सहीबरोबर त्या मुलाचं किंवा मुलीचं नावही लिहून द्यावं. पहिल्या शनिवारी कुणाचं नाटक लावायचं, ते आधी ठरायला हवं.