मेटियाब्रुझचा घाट आणि दोन बोटी

शेवगावला रेल्वे नाही. एसटीने नगर गाठायचे आणि तिथून आझाद हिंद एक्सप्रेसने थेट हावडा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे निघालो ती अवधचे अखेरचे बादशहा वाजिद अली शाह यांच्या कबरीवर फातिहा पढायला. उर्दू शिकवणाऱ्याला लखनौइतकेच मेटियाब्रुझ जवळचे. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतले, बादशहा कोलकात्याला आले आणि १८८७ मध्ये इथेच त्यांचा इंतकाल झाला. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. मेटियाब्रुझ म्हणजे मातीचा बुरूज. आज तिथे शिलाई मशीनची घरघर ऐकू येते. सगळी वस्तीच दर्जींची.

इमामबाड्यातून आम्ही हुगळीच्या घाटावर गेलो. पलीकडे नाझीरगंजला फेरीबोट जाते. नाथसागराच्या फुगवट्यावर मासेमारांच्या होड्या पाहिलेल्या आमच्या मुलांना ती नदी समुद्रच वाटली. याच काठाने गार्डन रीच आणि खिदिरपूरच्या गोद्या आहेत. त्या बघताना आम्हाला १९७१ च्या दोन बोटींची हकीकत आठवली आणि मुलांना ती तिथेच, बोटीची वाट बघत सांगितली.

'अजय' आणि 'अक्षय' या कोलकाता बंदराच्या साध्या बोटी. बंदराची रोजची कामे करणाऱ्या, लढाईशी संबंध नसलेल्या. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला स्वतःचे नौदल हवे होते, जहाज एकही नव्हते. मग या दोन बोटींवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या आणि त्यांची नावे 'पद्मा' आणि 'पलाश' झाली. खलाशी बंगाली होते, बरेचसे पाकिस्तानचे नौदल सोडून आलेले. मोहिमेचे नेतृत्व आपल्या नौदलातील एका मराठी अधिकाऱ्याकडे, कमांडर मोहन सामंत यांच्याकडे होते. सोबतीला भारतीय नौदलाची 'पनवेल' ही गस्ती बोट. सुंदरबनच्या पाण्यात पनवेलचे नाव! आम्हाला तर फार आपलेपणा वाटला.

१९४० मध्ये इंग्रजांनी डंकर्कला सहलीच्या लाँचेससुद्धा कामाला लावल्या, त्यांचे कौतुक सिनेमापर्यंत पोचले. पद्मा-पलाशचे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले असेल? १९७१ म्हटले की आपल्याला कराचीवरचा हल्ला आठवतो, आणि तिथेच आपण थांबतो.

कामाला जुंपलेल्या बोटीचा धोका असा की ती कोणाची, हे लांबून कळत नाही. म्हणून विमानांतून ओळखू यावे यासाठी तिन्ही बोटींवर पिवळी खूण केली होती. १० डिसेंबरला, दुपारच्या सुमारास, त्या खुलन्याजवळ पोचल्या तेव्हा वर विमाने आली. ती भारताचीच होती. आपलीच विमाने म्हणून बोटींवरून गोळी झाडली नाही. विमानांनी मात्र शत्रूच्या बोटी समजून हल्ला केला. पद्मा आणि पलाश पेटल्या. पनवेल वाचली, पाण्यात पडलेल्या अनेकांना सामंतांनी त्याही परिस्थितीत बाहेर काढले. पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले.

पलाशच्या इंजिनावर मोहम्मद रूहुल अमीन होते. बोट सोडण्याचा हुकूम झाला तरी ते इंजिन सोडून हलले नाहीत. शेवटी भाजलेल्या अंगाने पोहत काठाला लागले, तर तिथे रझाकारांनी त्यांना ठार केले. आमच्या भागात हा शब्द गोदावरीपलीकडच्या निजामाच्या राज्यातून आलेला. बंगालमधले रझाकार वेगळे, पाकिस्तानी लष्कराने उभे केलेले.

"पिवळा रंग वरून दिसला नसेल का?" धाकट्याने विचारले. वेगात उडणाऱ्या विमानातून नदीतली बोट किती छोटी दिसते, एवढेच आम्ही सांगू शकलो. पण आपल्या बाजूची ही चूक मुलांपासून लपवू नये, असे आमचे मत आहे. विजयाबरोबर तीही सांगितली तरच रूहुल अमीन यांची शहादत पुरती कळते.

बांगलादेशाने सात शहिदांना 'बीर श्रेष्ठ' हा सर्वोच्च किताब दिला, त्यांत ते एक आहेत. त्यांची कबर खुलन्यात रूपसा नदीकाठी आहे. तिथे जायला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, आमच्याकडे दोन्ही नव्हते. घाटावरच हात उठवून दुआ केली. तेवढ्यात फेरीबोट लागली आणि सायकली, कापडाचे गठ्ठे घेऊन माणसे उतरू लागली.