बेडकाला केस असतात का?

पावसाळ्यात आमच्या होस्टेलमागच्या डबक्यात बेडकांचं असं काही संमेलन भरतं की सबमिशनच्या रात्री जागायला चहा लागत नाही. अशाच एका रात्री कुणीतरी विचारलं, "काय रे, बेडकाला केस असतात का?" सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले. कारण मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि बेडूक यांच्यातच वाढलेला!

उत्तर सोपं आहे. नाही. केस ही सस्तन प्राण्यांची मिरासदारी. बेडूक, भेक, सॅलॅमँडर, देवगांडूळ यांपैकी कुणालाच खरा केस नसतो. आपल्या जुन्या तर्कशास्त्रात अशक्य गोष्टीला 'सशाचं शिंग' किंवा 'कासवाचे केस' म्हणत. त्याच पंगतीत बेडकाचे केसही बसवायला हरकत नाही.

आमच्या आबाजींना विचारलं तर म्हणाले, "बेडकाले केस कायले पायजे? त्याले थंडी वाजली त तो जमिनीत जाते!" मित्रांनो, हे पक्कं सायन्स आहे. केस अंगातली ऊब धरून ठेवतात. बेडूक थंड रक्ताचा, अंगात ऊब तयारच करत नाही, मग धरून काय ठेवणार?

पण निसर्ग मोठा बिलंदर. मध्य आफ्रिकेत, कॅमेरूनच्या बाजूला, 'केसाळ बेडूक' आहे. बूलेंजर या शास्त्रज्ञाने १९०० साली त्याचं वर्णन केलं. विणीच्या हंगामात नराच्या कुशीवर आणि मांड्यांवर झिपऱ्या लोंबतात. ते केस नव्हेतच, रक्तवाहिन्या असलेले कातडीचे धागे! नर पाण्यात अंड्यांची राखण करतो, तेव्हा जास्त प्राणवायू मिळावा म्हणून कातडीचं क्षेत्रफळ वाढवलेलं. मेकॅनिकलवाल्यांनो, हीट ट्रान्सफरमधले फिन्स आठवले का?

म्हणजे सगळी गंमत कातडीत आहे. बेडूक फुप्फुसांबरोबरच ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. पाणीसुद्धा तोंडाने पीत नाही, कातडीतूनच शोषतो. वर ना केस, ना पिसं, ना खवले. त्यामुळे बांधीतल्या पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात. आणि आज बांधीत काय असतं? तुडतुड्यांचं औषध, खोडकिड्याचं औषध! खरं तर किडे खाणारा हाच आपला फुकटचा मजूर. म्हणूनच बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली.

हे वाचताना मला एकदम बाबा आठवले. पाठीवर पंप, अंगात बनियान, पायात काही नाही. माणसाच्या कातडीतूनही कीटकनाशक आत जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते काही बेडूक नव्हते. पण फवाऱ्यात उघड्या अंगाने उभा राहिलेला माणूस आणि बांधीतला बेडूक, यांत फरक तो किती?

पोळ्याला घरी गेलो तेव्हा हातमोजे आणि मास्क घेऊन गेलो. बाबा म्हणाले, "आता धानात सूट-बूट घालून जाऊ का?" मग त्यांना बेडकाच्या कातडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून बांधीत उतरले. मास्क मात्र खुंटीलाच राहिला. जीव गुदमरतो म्हणे.

आपल्या होस्टेलमध्ये निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत. पुढच्या सुटीत घरी जाताना बॅगेत एक हातमोज्यांचा जोड टाका. जर्नल काय, आल्यावरही पूर्ण होतं. आणि मास्क घालायला बाबांना कसं पटवायचं, याची युक्ती कुणाला सापडली तर मला नक्की सांगा. मी अजून शोधतोय.