व्रत आपलं, वाढ त्यांची

शेजारच्या जोडप्याने दूध, दही, तूप सोडलं. विचार करून सोडलं, जनावरांच्या कळवळ्याने सोडलं. त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या सव्वा वर्षाच्या लेकीचंही दूध तुटलं, हे मात्र दिवसभर मनातून जात नाही.

प्रत्येक घर आपलंच अन्न मुलाच्या तोंडी घालतं. आम्हालाही वरणभात कुणी विचारून भरवला नव्हता. तो वारसा आहे, त्याची मला तक्रार नाही. माझा प्रश्न वाढीचा आहे. बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यातून, धान्यातून मिळत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. तान्ह्या बाळाची शिल्लक फार थोडी, आणि आईच्याच अंगात ते कमी असेल तर आणखी थोडी. मग मूल मलूल होतं, बसायला-चालायला मागे पडतं. उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची मार्गदर्शिका तर ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्या, असं सांगते. ज्यांना ते देववत नाही, त्यांनी देऊ नये. पण आईबाबांनो, घरात काय शिजतं आणि काय वर्ज्य आहे हे बालरोगतज्ज्ञांना खरं खरं सांगा, वजन-उंची नोंदवत राहा आणि त्यांनी दिलेलं बी-१२ एकदाही चुकवू नका.