शिवेवरचा दगड

विलायतेस जाणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापकानें स्ट्रॅटफर्डचें दर्शन घेतलेंच पाहिजे, असा आपल्याकडे जणूं दंडकच आहे. मींही तो पाळला. परंतु परतल्यावर माझ्या मनांत घर करून राहिलें तें डर्बीशायरच्या डोंगराळ भागांतील ईम नांवाचें लहानसें खेडें.

गांव मोठें देखणें आहे. दगडी घरें, खिडक्यांखालीं फुलें, मधोमध जुनें चर्च. मात्र कांहीं घरांपुढें पाट्या आहेत आणि त्यांवर त्या त्या घरांत प्लेगानें मेलेल्यांचीं नांवें. १६६५ सालीं लंडनहून एका शिंप्याकडे कापड आलें, त्यांतून प्लेगाच्या पिसवा आल्या, असें सांगतात. पुढच्या उन्हाळ्यांत साथ भडकली, तेव्हां धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधींचा, पदच्युत झालेला टॉमस स्टॅन्ली, हे दोघे एक झाले. त्यांच्या शब्दाखातर गांवानें स्वतःलाच कोंडून घेतलें. साथ शेजारच्या गांवांत जाऊं नये, एवढ्यासाठीं! चौदा महिन्यांत २६० माणसें गेलीं. (मॉम्पेसननें स्वतःचीं मुलें आधींच बाहेरगांवीं पाठविलीं होतीं, हेंही सांगितलें पाहिजे. पत्नी मात्र त्याच्याजवळ राहिली आणि १६६६ च्या ऑगस्टांत वारली.)

मी पुण्यांत वाढलों. प्लेग म्हटला कीं १८९७ साल, रँडसाहेब आणि माजघरापर्यंत शिरलेले गोरे सोल्जर, हेंच आम्हांस आठवावयाचें. आपलीच वेस आपण राखणारें गांव पाहून मी चकित झालों, यांत नवल नाहीं.

शिवेवर एक दगड आहे. त्यांतल्या खळग्यांत शिरका घालून गांवकरी नाणीं ठेवीत. बाहेरचे लोक अन्न ठेवून तीं घेऊन जात. मीं एका खळग्यांत बोट घातलें. आंत पावसाचें पाणी होतें.

गांवापासून थोड्या अंतरावर, उघड्या कुरणांत, गोल दगडी कुंपणाआड हॅनकॉक कुटुंबाचे थडग्यांचे दगड आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक हिनें १६६६ च्या ऑगस्टांत आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलें पुरलीं. स्वतःच्या हातांनीं.

२०२१ च्या एप्रिलांत आमचे अण्णा साथींत गेले. स्मशानाच्या फाटकाशीं धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एकदां तोंड तरी पाहूं दे." मीं त्याचा दंड धरला आणि परीक्षेच्या दालनांत वापरतों त्या आवाजांत म्हणालों, "नियम सर्वांना सारखाच." अनोळखी माणसांनीं सर्व उरकलें.

मीं योग्य तेंच केलें, असें मला आजही वाटतें. ईमच्या लोकांनीं तरी दुसरें काय केलें? परंतु त्या कुरणांत उभा असतां ध्यानांत आलें कीं, त्या बाईच्या वाट्यास आलेल्या कठोर नियमांत आपल्या माणसाला हात लावण्याची मनाई नव्हती. किंबहुना तें काम तिचेंच होतें. अण्णांना शेवटचा हात कोणाचा लागला, हें मला ठाऊक नाहीं.

गांवांत भावासाठीं एक चित्रपत्र विकत घेतलें. बसमध्यें पत्ता लिहिला. मजकूर कांहीं सुचेना. तें अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे.