केपचे जिरेनियम

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकावरील केप टाउन शहरात पावसाळा थंडीत येतो. मे ते ऑगस्ट या काळात समुद्रावरून ढग येऊन टेबल माउंटनवर आदळतात; नोव्हेंबर लागला की आकाश निरभ्र होते आणि पुढील चार-पाच महिने आग्नेयेचा जोरदार वारा जमीन वाळवीत राहतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे ऋतुचक्र उलटे वाटेल. परंतु पुणे-मुंबईच्या सज्ज्यांत ज्याला जिरेनियम म्हणून कौतुकाने कुंडीत लावतात, त्या वनस्पतीचे माहेर हेच आहे, आणि ती आपल्याकडे जुलैमध्ये का कुजते याचे उत्तरही याच आकाशात आहे.

शास्त्रदृष्ट्या हे जिरेनियम नव्हे, पेलार्गोनियम. दोहोंचे फळ पक्ष्याच्या चोचीसारखे लांब असते. ग्रीक भाषेत क्रौंचाला ‘गेरानोस’ म्हणतात, त्यावरून पहिले नाव आले. ‘पेलार्गोस’ म्हणजे करकोचा, त्यावरून दुसरे. लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच कुळीत घातली होती. फ्रेंच अभ्यासक लेरिटिए यांनी 1789 मध्ये त्यांची फारकत केली. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून वेगळ्या दिसतात. तरीही बाजार, रोपवाटिका आणि अत्तरवाले जुनेच नाव चालवीत आले आहेत. एकदा रूढ झालेले नाव बदलणे किती कठीण असते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

या कुळीच्या सुमारे 280 जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या भूमीतल्या. सप्टेंबरात, पाऊस ओसरताना, केपच्या किनाऱ्याने चालणाऱ्यास पहिली भेटते ती कुकुलाटम. पुरुषभर उंचीचे झुडूप, वाटीसारखी वळलेली केसाळ पाने आणि जांभळट गुलाबी फुले. तेथून खाली वाळूच्या टेकड्यांवर कॅपिटाटम पसरलेली असते. तिचे पान चुरगळले की बोटांना गुलाबाचा वास लागतो. डोंगराच्या सावलीत, ओढ्याकाठच्या ओलाव्यात टोमेंटोसम वाढते. तिची पाने मखमलीसारखी मऊ, आणि वास चक्क पुदिन्याचा. एकाच डोंगररांगेत काही जाती कडक ऊन मागतात, तर ही सावली मागते.

उत्तरेकडे नामाक्वालँडच्या रुक्ष प्रदेशात चित्र पालटते. तेथे पाऊस इतका थोडा की झाडाला साठवणूक करूनच जगावे लागते. कार्नोसमचे खोड फुगून गाठीगाठींचे होते. एकिनाटमच्या खोडावर काटे दिसतात. ते पानांच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांचे वाळून कडक झालेले अवशेष आहेत. उन्हाळ्यात यांपैकी अनेक जाती पाने टाकून निपचित पडतात. त्यांना मेलेले समजून पाणी घालणारा माळीच त्यांना मारतो.

या सर्वांत चमत्कारिक म्हणावी अशी ट्रिस्टे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘खिन्न’. जमिनीसरपट गाजरासारखी पाने, खाली कंद, आणि फिकट पिवळ्या-तपकिरी रंगाची फुले. दिवसा तिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. सूर्य मावळला की मात्र तिच्यातून लवंगेसारखा सुवास दरवळू लागतो आणि पतंग तिच्याकडे ओढले जातात. युरोपात पोहोचलेल्या पेलार्गोनियमांपैकी ही अगदी आरंभीची. इंग्लंडचे नामांकित बागवान जॉन ट्रेडस्कंट यांना 1631 मध्ये पॅरिसहून तिचे बी मिळाले. दोनच वर्षांनी छापल्या गेलेल्या एका इंग्रजी वनस्पतिग्रंथात तिची नोंद ‘रात्री गंध देणारे हिंदी जिरेनियम’ अशा अर्थाच्या नावाने झाली. हिंदुस्थानचा तिच्याशी काडीइतका संबंध नव्हता. हिंदुस्थान व जावाकडून परतणारी गलबते गोड्या पाण्यासाठी टेबल उपसागरात थांबत. बंदरात उतरलेल्या मालावर मोठ्या मुलखाचे नाव चढले आणि केपचे नाव वाटेतच गळाले.

पुढे 1772 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन यास केपला धाडले, आणि त्याने पाठविलेल्या झाडांत पेलार्गोनियमच्या कितीतरी जाती होत्या. झोनाले व इंक्विनान्स यांच्या संकरांतून आज कुंड्यांत दिसणारे लाल, गुलाबी गुच्छांचे जिरेनियम उभे राहिले. वेलीसारख्या लोंबणाऱ्या प्रकारांची पूर्वज पेल्टाटम ही आहे. स्वित्झर्लंडच्या खिडक्यांतून ज्या फुलांची छायाचित्रे पर्यटक हौसेने काढतात, त्यांचे मूळ आफ्रिकेच्या कोरड्या झुडपांत आहे.

आपल्याकडे त्यांना वाढविणाऱ्याने एवढे ध्यानी धरावे की त्यांना गारवा आणि कोरडेपणा एकत्र हवा. मातीत वाळू भरपूर असावी, कुंडीला निचरा असावा, वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. फांदी लावण्यापूर्वी तिची कापलेली बाजू दिवसभर सुकू द्यावी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ओढावी. दिवाळीनंतर ती फुलावर येते आणि थंडीभर साथ देते.

महाराष्ट्रात अलीकडे काही शेतकरी सुगंधी जिरेनियमचे पीक घेतात. त्यांनाही हेच कोडे पडते, कारण मातृरोपे पावसाळ्यात मरतात आणि ती प्लास्टिकच्या आच्छादनाखाली जपावी लागतात. या संकरित झुडपाची पाने वाफेवर ऊर्ध्वपातित करून तेल काढतात. टनभर पाल्यातून जेमतेम किलोभर तेल मिळते. गुलाबतेलाची जागा घेऊ शकणारे म्हणून साबण, अगरबत्ती व अत्तर यांच्या धंद्यात त्याला मान आहे. एकेकाळी हिंदी महासागरातील रियुनियन बेटाने या तेलाचा बाजार गाजविला आणि बेटाच्या जुन्या नावावरून त्यास ‘बोर्बन’ म्हणू लागले. आता बहुतेक तेल इजिप्त व चीनमधून येते. ‘बोर्बन’ हा शब्द मात्र अद्याप भाव ठरविताना कानी पडतो.

तेलासाठी पाला कापला जातो; झुडूप पुन्हा फुटते. सिडॉइडेसचे तसे नाही. ही जाती पाहावयाची तर केप टाउनहून पूर्वेला सुमारे हजार किलोमीटर जावे लागते, अ‍ॅलिस नावाच्या लहानशा गावाकडे. नेल्सन मंडेला जेथे शिकले ते फोर्ट हेअर विद्यापीठ याच गावी आहे. येथे पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्यात पडतो. आसपासच्या गवताळ उतारांवर सिडॉइडेस वाढते. हृदयाच्या आकाराची रुपेरी पाने, आणि जवळजवळ काळी वाटावीत इतकी गडद लाल फुले. तिचे मूळ खोकला व पोटाच्या विकारांवर येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. 1897 मध्ये चार्ल्स स्टीव्हन्स नावाचा क्षयरोगी इंग्रज आफ्रिकेत आला, स्थानिक वैद्याच्या औषधाने आपण बरे झालो असे त्याने सांगितले, आणि मायदेशी परतून त्याच मुळाचे औषध स्वतःच्या नावाने विकले. पुढे जर्मनीत याच मुळाच्या अर्कापासून सर्दी-खोकल्याचे औषध तयार होऊ लागले व त्याचा खप प्रचंड वाढला.

मूळ विकले जाते म्हणजे झाड उपटले जाते. गावातली माणसे कुदळ घेऊन उतारावर जातात, पोते भरतात आणि वजनावर विकतात. मुळाचा तुकडा मागे ठेवून खड्डा बुजविला तर ते पुन्हा फुटते, पण पुरेसे जाड होण्यास वर्षे लागतात. गरजू माणसाला तेवढी सवड नसते.

अर्क काढण्याच्या रीतीवर एका जर्मन कंपनीने युरोपात पेटंट घेतले, तेव्हा अ‍ॅलिसच्या लोकांनी आफ्रिकन व युरोपीय संस्थांच्या साहाय्याने त्यास हरकत घेतली. जानेवारी 2010 मध्ये म्युनिक येथे युरोपीय पेटंट कार्यालयाने ते रद्द केले. त्या रीतीत नवा शोध म्हणावा असे काही नाही, असा निर्णय झाला. अर्काचा व्यापार त्यानंतरही चालू राहिला. मुळांची पोती आजही या उतारांवरूनच भरली जातात.