पाचवा भिडू

मेंढीकोटला चौघे लागतात. तिघे जमले आणि चौथा भिडू मिळाला नाही, तर पत्ते पिसून पुन्हा डब्यात ठेवावे लागतात. आमच्या पिढीला या चौथ्यासाठी फारशी वणवण करावी लागली नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पत्ते खेळणारी मंडळे कोणी जाहिरात देऊन जमविली नव्हती. तीच गाडी, तोच डबा, तीच वेळ, एवढ्या आधारावर ती वर्षानुवर्षे टिकली. पिंपरी-चिंचवडमध्ये हेच काम कंपनीच्या बसने आणि कामगार वसाहतीच्या कट्ट्याने केले. वेळ जुळली की माणसे आपोआप जुळत.

श्रीरामपूरकडून चाकणला नोकरीसाठी आलेला आमच्या परिचयातील एक तरुण भाड्याच्या खोलीत राहतो. मोबाईलवर त्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा नाद लागला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकजण निवेदक होऊन कथा सांगतो, इतर चार-पाच जण त्या कथेतील पात्रे होतात आणि अडीअडचणीचा निकाल वीस बाजूंचा फासा लावतो. आता त्यासाठी एका टेबलाभोवती बसण्याचीही गरज नाही. नकाशा पडद्यावर दिसतो, बोलणे इंटरनेटवरून होते. मात्र बैठक तीन-चार तासांची आणि कथा महिनोन्महिने चालणारी! कॅरमला कोणीही एका बोर्डापुरता बसू शकतो. येथे तेच पाचजण पुन्हा पुन्हा यावे लागतात.

'मी नवखा आहे, खेळायला आवडेल' असे त्याने ठिकठिकाणी लिहिले. त्याच्यासारखेच लिहिणारे शेकडो होते. एक बोलावणे आले ते न्यूयॉर्कहून, मंगळवारी रात्री आठचे. म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळचे साडेसहा, आणि तिकडचा उन्हाळा सुरू झाला की साडेपाच. पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाने ही वेळ कशी साधावी?

जवळच्यांचे तरी काय? पाळी दर आठवड्याला बदलते असे धरू. दुपारपाळी आणि रात्रपाळी या दोन आठवड्यांत संध्याकाळ हाती लागत नाही. उरतो तीनांतला एक. दोघांची चक्रे एकाच क्रमाने फिरत असली, पण एका आठवड्याने पुढेमागे असली, तर ते दोघे वर्षाच्या ५२ आठवड्यांत एकाही संध्याकाळी एकत्र मोकळे सापडणार नाहीत. डोळे मिटून पाचजण निवडले, तर पाचही जण एकाच चक्रात असण्याची शक्यता ८१ मध्ये १. त्या पोराला वाटे, आपल्यालाच कोणी घेत नाही. आम्हांस हा आकडा मांडून दाखवावा लागला.

खेळगडी जुळवून देणारी व्यवस्था आधी खेळ विचारते, मग वार. आमच्या मते आपल्या पट्ट्यात पहिला प्रश्न साप्ताहिक सुटीचा हवा. येथील अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. हिंजवडीच्या संगणकवाल्यांची शनिवार-रविवारी. सुटी एकच असेल, तर पाळीचे चक्र आड येत नाही. रात्रपाळीवाला सकाळी येऊन झोपला, तरी दुपारी चारला बसू शकतो. दुसरे असे की, आपण इच्छुक आहोत हे सांगण्यापेक्षा रिकामी जागा सांगावी. त्याने आमच्यासमोर बसून नवे निवेदन लिहिले : गुरुवार, दुपारी चार ते सात, भाषा मराठी, निवेदक ठरला आहे, एक जागा शिल्लक, नवखा चालेल, आधी एकच बैठक, पटले तर पुढे.

निवेदक त्याने आधीच गाठला होता, आकुर्डीचा. भोसरीचे दोघे त्याच्याच ओळखीचे निघाले. पाचवा तळेगावहून आला, निवेदन वाचून. परंतु कंत्राटी नोकरीचा भरवसा काय! भोसरीच्या एकाचे कंत्राट संपले आणि तो गावी गेला. निवेदकाने त्याच्या पात्राला मारले नाही. कथेत त्याला डोंगरापलीकडे औषधी आणायला धाडले आहे. गावी रेंज मिळाली की तो गुरुवारी विचारतो, औषधी सापडली का म्हणून.